फौज पाठवायची वेळ येण्याआधी: परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

अर्थसंकल्प मांडून झाला की परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागण्या छाननीसाठी आपल्या समितीपुढे येतात. मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून हा पैसा कुठे गेला, का गेला, कमी का पडला हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. म्हणून हे पत्र मंत्रिमहोदयांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

मागणी आधी सांगते. युद्धाने होरपळलेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या देशांत दवाखाने, शाळा आणि नर्सिंगचे शिक्षण चालावे म्हणून भारत जो पैसा देतो तो अनेक पटींनी वाढवावा. तो एका वर्षापुरता न देता दहा-दहा वर्षांसाठी बांधून द्यावा. आणि लष्कर व गुप्तहेर यंत्रणा यांच्यापासून तो कटाक्षाने लांब ठेवावा. सैन्य पाठवण्याची वेळ येऊ नये यासाठी आपल्या हातात जे थोडे उपाय आहेत, त्यांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

मी खारघरला मेडिकल चालवते. टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र इथेच आहे, नवी मुंबईत मोठी खासगी रुग्णालयेही बरीच आहेत. त्यामुळे आमच्या सेक्टरांमध्ये येमेन, इराक, टांझानिया, केनिया, बांगलादेश अशा देशांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक महिनोन्‌महिने भाड्याच्या खोल्यांत राहतात. औषधाची चिठ्ठी घेऊन ते काउंटरवर येतात आणि बातम्यांत ज्या देशांचे फक्त नकाशे दिसतात, त्या देशांतली माणसे आम्हाला अशी भेटतात.

गेल्या वर्षी येमेनमधल्या इब भागातले एक गृहस्थ येत असत. पेशाने शाळामास्तर. मुलीला रक्ताचा कर्करोग. दवाखान्यातली केमो संपली होती, पुढच्या गोळ्या घरी राहून घ्यायच्या होत्या. परतायच्या आदल्या दिवशी ते तीन महिन्यांची औषधे घ्यायला आले. प्रत्येक स्ट्रिपवरची एक्स्पायरी त्यांनी स्वतः वाचली, बिलावरचा बॅच नंबर जुळवून पाहिला. चिठ्ठीवर पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनेही होती, पेशी फार उतरल्या तर हाताशी असावीत म्हणून. ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. मी थर्माकोलचा डबा आणि जेलपॅक काढून ठेवले. डब्यात किती तास टिकेल, असे त्यांनी मोबाइलवरच्या भाषांतरातून विचारले. चोवीस तास धरा, मी म्हटले. मग ते बोटांवर मोजू लागले: विमान, मधला थांबा, पुन्हा विमान, एडनहून डोंगरातला रस्ता, रस्त्यात वेगवेगळ्या सशस्त्र गटांच्या चौक्या. घरी वीज म्हणजे छपरावरचे एक सोलर पॅनल, त्यावर फ्रीज चालत नाही. त्यांनी दोनदा मोजले. मग इंजेक्शने माझ्याकडे परत सरकवली आणि फक्त गोळ्या घेतल्या. त्यांचा शाळेतला पगार २०१६ पासून नीट होत नव्हता, हे त्याच दिवशी बिल चुकते करताना कळले.

येमेनमध्ये यादवी युद्ध पेटले, २०१५ च्या मार्चमध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. हे प्रकरण काही आठवड्यांत आटपेल अशी अपेक्षा होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ मध्ये अंदाज मांडला की त्या वर्षाअखेर मृतांचा आकडा ३ लाख ७७ हजारांवर जाईल. त्यातले जवळपास ६० टक्के बॉम्बने किंवा गोळीने मेलेले नव्हते. भूक, दूषित पाणी आणि साध्या आजारावर न मिळालेले उपचार यांनी ते गेले. २०१७ संपेपर्यंत तिथल्या कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांपर्यंत पोहोचली होती. कॉलऱ्यात बहुतेक रुग्ण ज्याने वाचतात ती ओआरएसची पुडी माझ्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळते.

ओआरएसचा विषय निघाला आहे तर १९७१ बद्दल बोलायलाच हवे, कारण सैन्य न पाठवण्याची गोष्ट काढली की समोरचा पहिल्यांदा १९७१ काढतो. आणि त्याचे बरोबर आहे. एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले होते, पलीकडे कत्तल चालू होती. त्या डिसेंबरात फौज पाठवणे योग्य होते असेच मी मानते. पण त्याच वर्षी सीमेवरच्या बनगावच्या छावणीत आणखी एक गोष्ट घडली, जी आपण शाळेत शिकवत नाही. कॉलरा पसरला, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात विरघळवल्या आणि ते पाणी नातेवाइकांनाच पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हा हिशेब त्यांनी लाखो घरांतल्या आयांना शिकवला. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. त्या पुडीने जगभर कोट्यवधी मुले वाचवली. १९७१ च्या विजयाचा अभिमान मलाही आहे, फक्त त्या वर्षातल्या या दुसऱ्या कामगिरीसाठीही अर्थसंकल्पात एक रकाना असावा, एवढेच म्हणणे आहे.

आता श्रीलंका. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे गेली. ज्या तमिळांच्या संरक्षणासाठी ती गेली, त्यांच्यातल्याच तमिळ वाघांशी, म्हणजे लिट्टे या बंडखोर संघटनेशी, काही महिन्यांत लढू लागली. त्या ऑक्टोबरात जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मेले. हे लिहिताना हात जड होतो, पण ते झाले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा सुमारे १,२०० भारतीय जवानांनी प्राण गमावले होते आणि तिथला एकही प्रश्न सुटलेला नव्हता. ना सिंहली खूश, ना तमिळ.

त्याच श्रीलंकेत २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून आपल्या १०८ सारखी मोफत रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आधी पश्चिम आणि दक्षिण प्रांतांत ८८ गाड्या, नंतर आणखी २०९, मग सगळे बेट. खर्च सुमारे सव्वादोन कोटी डॉलर, म्हणजे आपल्या दोनशे कोटी रुपयांच्या आत. फिरवायचा नंबर आहे १९९०. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, आपण ३६ राफेल विमानांचा करार केला, शस्त्रे आणि देखभालीसह सुमारे ५९ हजार कोटींचा. एका विमानाच्या वाट्याला सोळाशे कोटींच्या वर येतात. विमाने घेऊ नका असे मी म्हणत नाही, आपल्या सीमांची स्थिती आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. पण कोलंबोत किंवा जाफन्यात मध्यरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईच्या दारात जी गाडी येते, ती भारताबद्दल जे सांगते ते तीन वर्षांत शांतिसेनेला सांगता आले नाही.

मालदीवचा धडा तर ताजा आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात तिथले बंड मोडायला आपले पॅराट्रूपर गेले आणि काही तासांत मोहीम फत्ते झाली. तिथल्या सरकारनेच बोलावले होते, काम झाल्यावर बहुतेक सैन्य परत आले, म्हणून ते साधले. पुढे हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर विमान चालवायला आपले थोडे लष्करी कर्मचारी तिथे राहू लागले. करत काय होते? मुख्यतः दूरच्या बेटांवरून आजारी माणसे उचलून आणत होते! तरी 'इंडिया आउट'ची घोषणा पेटली, २०२३ च्या निवडणुकीत चालली आणि मे २०२४ पर्यंत ते सगळे परत बोलवावे लागले. त्यांच्या जागी साध्या कपड्यांतले तंत्रज्ञ गेले, काम तेच राहिले. माले शहरात १९९५ पासून भारताच्या मदतीने उभे असलेले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय मात्र चालूच राहिले. काम रुग्णसेवेचेच असले तरी अंगावर गणवेश असला की लोकांना गणवेश आधी दिसतो.

आणि अफगाणिस्तान. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने अमेरिकेचा त्या युद्धावरचा खर्च सुमारे २.३ लाख कोटी डॉलर काढला आहे. पुनर्बांधणी म्हणून त्यांच्या संसदेने जे सुमारे १४,५०० कोटी डॉलर मंजूर केले, त्यांतलेही निम्म्याहून अधिक अफगाण सैन्य आणि पोलीस उभे करण्यावर गेले. १५ ऑगस्ट २०२१ ला आपण इथे झेंडावंदन करून घरी येऊन टीव्ही लावला तेव्हा काबूल पडत होते. ते सैन्य काही दिवसांत विरघळून गेले. मग टिकले काय? युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००१ मध्ये प्राथमिक शाळेत जवळजवळ एकही मुलगी नव्हती, २०१८ मध्ये २५ लाख होत्या. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यूचे प्रमाण दोन दशकांत निम्म्यावर आले. सातवीपासून पुढे शाळा बंद, विद्यापीठ बंद, २०२४ च्या डिसेंबरापासून नर्सिंग आणि दाईकामाचे शिक्षणही बंद, असे तालिबानने केले तरी वाचायला शिकलेल्या त्या मुलींचे वाचन काही काढून घेता येत नाही. त्या आता आया होत आहेत.

अमेरिकेच्या फौजेच्या छत्राखालीच तर शाळा चालल्या, असे कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे, शहरांत तर नक्कीच. पण स्वीडनच्या एका लोकसंस्थेने रशियन फौज असताना, मुजाहिदीन असताना आणि पहिल्या तालिबानच्या काळातही खेड्यांत दवाखाने आणि शाळा चालवल्या, गावच्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन. घोर प्रांतात २००७ मध्ये संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत गावातच शाळा सुरू झाल्या. शाळा घराजवळ आल्यावर मुली मुलांच्या जवळजवळ बरोबरीने येऊ लागल्या. तिथे बंदोबस्त नव्हता. अंतर कमी केले होते, एवढेच. उलट परदेशी सैन्याने स्वतः शाळा आणि दवाखाने बांधायला घेतले तेव्हा मास्तर आणि कंपाउंडर यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले.

याचे सर्वांत वाईट उदाहरण आपल्या शेजारचेच आहे आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला ते विसरता येत नाही. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी सीआयएने २०११ मध्ये अबोटाबादला हिपॅटायटिस-बी लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. एका डॉक्टरला हाताशी धरून, घरोघर सुई घेऊन. बिंग फुटल्यावर पाकिस्तानात लस म्हणजे हेरगिरी हा समज पक्का झाला. २०१२ च्या डिसेंबरात पोलिओ पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या आणि हे हल्ले अजून थांबलेले नाहीत. अमेरिकेने २०१४ मध्ये पुन्हा असे करणार नाही अशी ग्वाही दिली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. पोलिओचा मूळ, नैसर्गिक (वाइल्ड) विषाणू आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. आपण २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्त ठरलो. पनवेल स्थानकावर, मुंब्र्याच्या गल्ल्यांत, भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत आशाताई अजून निळी पेटी खांद्याला लावून फिरतात, कारण तो विषाणू फार लांब नाही. त्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे म्हणून दार उघडते. भारताच्या पैशातून जगात कुठेही जाणारी लसीची पेटी दुसऱ्या कशाचे झाकण होता कामा नये, हे आपल्या समितीने मंत्रालयाकडून लेखी घ्यावे.

मंत्रालयाच्या २०२५-२६ च्या आकड्यांकडे येते. अफगाणिस्तानसाठी १०० कोटी, आदल्या वर्षी ते २०० होते. श्रीलंकेसाठी ३०० कोटी. आफ्रिकेतल्या सगळ्या देशांना मिळून २२५ कोटी. मंत्रालयाचा एकूण खर्च २०,५१६ कोटी, म्हणजे देशाच्या अर्थसंकल्पातल्या शंभर रुपयांतले चाळीस पैसे, आणि त्यात वकिलातींपासून पासपोर्टपर्यंत सगळे आले. संरक्षणाला त्याच वर्षी ६ लाख ८१ हजार कोटी. २०१३ मध्ये अमेरिकेचे जनरल जेम्स मॅटिस, जे पुढे संरक्षणमंत्री झाले, अमेरिकी खासदारांना म्हणाले होते की परराष्ट्र खात्याला पुरेसा पैसा दिला नाही तर मला जास्त दारूगोळा विकत घ्यावा लागेल. हे एका सैनिकाचे बोलणे आहे.

'आधी घरचे बघा' हे मला आमच्या दुकानातच ऐकवले जाते. जव्हार-मोखाड्यातली बाळे कुपोषित आहेत, मग काबूलला पैसे कशाला? हा प्रश्न रास्त माणसे विचारतात, म्हणून सरळ उत्तर देते. मोखाड्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, याचे कारण काबूलला गेलेले शंभर कोटी नाहीत. ते परत आणले तरी तिथे एक डॉक्टर वाढणार नाही. ती लढाई राज्य सरकारशी लढायची आहे आणि आम्ही ती लढतो. शिवाय या पैशातला बराचसा भाग औषधे, गाड्या, उपकरणे अशा रूपाने इथल्याच कारखान्यांना मिळतो. रबाळे-महापे, तळोजा, पाताळगंगा हा पट्टा औषधे बनवून जगतो.

भारतीय औषधांनी जगात काय घडवले ते सांगते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधे एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. २८ जानेवारी २००३ ला अध्यक्ष बुश यांनी एकाच भाषणात इराकवर हल्ल्याची भूमिका मांडली आणि आफ्रिकेतल्या एड्ससाठी १,५०० कोटी डॉलरची योजनाही. ती परवडते का, याचे कारण त्यांनी त्याच भाषणात दिले: औषधे १२ हजारांवरून ३०० डॉलरच्या खाली आली आहेत. अमेरिकी सरकारच्या हिशेबाने त्या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले. त्या भाषणातल्या दुसऱ्या निम्म्याचे काय झाले ते इराकला विचारावे.

आता तीच अमेरिका मागे फिरली आहे. परदेशांना मदत देणारी त्यांची सरकारी संस्था यूएसएड २०२५ मध्ये मोडीत निघाली. ब्रिटननेही परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे, संरक्षणाला पैसा हवा म्हणून. ही जागा रिकामी राहणार नाही. ती भारताने भरावी.

मदत म्हणजे जादू नव्हे, हेही मला माहीत आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या स्मारकाला आजही चीनमध्ये मान आहे, भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना भेटत आले आहेत. तरी १९६२ टळले नाही. काबूलमध्ये २०१० च्या फेब्रुवारीत आपल्या वैद्यकीय पथकाच्या निवासावर हल्ला झाला, नि:शस्त्र असलेले मेजर डॉ. लैश्राम ज्योतिन सिंह हल्लेखोराला मिठी मारून मेले. त्यांना अशोकचक्र मिळाले. धोका आहेच. पण १९५० मध्ये कोरियात लढायला सैन्य द्या म्हटल्यावर नेहरू सरकारने लढाऊ तुकडी न पाठवता ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली, ले. कर्नल रंगराज यांच्या हाताखाली, आणि ती तीन वर्षांहून अधिक काळ तिथे राबली. अशी निवड करण्याची रीत आपल्याकडे आहे.

आपल्या मदतीत दोष आहे तो वेगळा. आपल्याला पाटी लागेल अशी वास्तू आवडते. काबूलची संसद, हेरातचे धरण, झरंज-देलारामचा २१८ किलोमीटरचा रस्ता ही चांगली कामे आहेत, पण नर्सचा पगार, जनरेटरचे डिझेल, एक्स-रे यंत्राचा सुटा भाग, दर महिन्याचा औषधांचा साठा यांवर पाटी लावता येत नाही आणि दवाखाना चालतो तो त्यांवरच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये परदेशी पैसा थांबला तेव्हा अफगाणिस्तानातल्या दोन हजारांहून अधिक आरोग्य केंद्रांच्या इमारती जागेवर होत्या, पण महिन्याभरात अनेक ठिकाणी अत्यावश्यक औषधे संपली. काबूलचे इंदिरा गांधी बालरुग्णालय रशियन, मुजाहिदीन, तालिबान, अमेरिकन आणि पुन्हा तालिबान एवढ्या राजवटी पाहून अजून उभे आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात आपण तिथली उष्णता यंत्रणा बदलून देण्याचे जाहीर केले. तिथल्या हिवाळ्यात तान्ह्या मुलांच्या वॉर्डात ती बंद पडली तर काय होते, हे कुठल्याही नर्सला विचारा. त्याच वेळी पक्तिका, खोस्त, पक्तिया इथे पाच प्रसूतिगृहे, २० रुग्णवाहिका असेही जाहीर झाले. मला याचा मनापासून आनंद झाला. आता आपल्या समितीने अधिकाऱ्यांना विचारावे: यंत्रणा बसली का? प्रसूतिगृहांत दाई कोण असणार, तिचा पगार पाचव्या वर्षी कोण देणार? फित कापल्यावर तीन वर्षांनी किती बाळंतपणे झाली, हे मंत्रालय मोजते का?

दाई कोण असणार, हा प्रश्न मी मुद्दाम विचारते आहे. तिथे मुलींना ते शिक्षण बंद आहे आणि अनेक ठिकाणी बायकांना पुरुष डॉक्टरकडे नेले जात नाही. म्हणजे आज ज्या नर्स आणि सुइणी काम करत आहेत, त्या निवृत्त झाल्यावर मागे कोणी नाही. भारताने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले, त्यात इथे शिकणारे कितीतरी विद्यार्थी सुट्टीला गेलेले तिकडेच अडकले. नंतर ऑनलाइन शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांचा लाभ शेकडो मुलींनी घेतला, हे चांगलेच झाले. पण प्रसूती करायला ऑनलाइन शिकता येत नाही. ठाणे, नवी मुंबई, पुणे इथे नर्सिंग कॉलेजांची कमी नाही. जी अफगाण मुलगी कुटुंबासह आपल्या देशातून किंवा आश्रय घेतलेल्या इराणमधून बाहेर पडू शकते, तिला इथे प्रवेश, वसतिगृह आणि शिक्षण संपेपर्यंतचा व्हिसा द्यावा. सुरक्षा तपासणी जेवढी कडक करायची तेवढी करावी, पण उत्तर वेळेत द्यावे, हो किंवा नाही. मुलगी शिकून परत जाऊ शकली तर उत्तम. नाही जाऊ शकली तर येमेनहून, इराकहून इथे येणाऱ्या बायकांच्या उशाशी बसायला तिची गरज आहेच.

आपल्या पुढच्या अहवालात परदेशातील आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च बांधकामापासून वेगळा दाखवण्याची शिफारस असावी, ही विनंती. मंत्रालयाने तिला काय उत्तर दिले, ते आम्ही कृती अहवालात वाचू.

कळावे,

आपली,
खारघर, नवी मुंबई येथील एक औषधविक्रेती